सुया, लोकर आणि त्रैराशिक

विणकाम हें फावल्या वेळचें काम होय, असा आपल्याकडे एक सर्वसाधारण समज आहे. हात चालत असतात, तोंडहि चालत असतें, डोकें मात्र विसांवा घेत असतें, अशी त्याची ख्याति! शाळेंत विणकामाच्या तासाकडे मुलगे कांहींशा थट्टेनें पाहतात, आणि गणिताच्या तासाकडे पुष्कळ मुली कांहींशा धास्तीनें पाहतात. पण हे दोन्ही तास बऱ्याच अंशीं एकाच विषयाचे आहेत, हें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. प्रस्तुत लेखांत अशा एका बाईंची ओळख करून द्यावयाची आहे कीं, ज्यांनीं आपलें जवळजवळ सारें आयुष्य सुया आणि लोकर यांच्या संगतींत घालविलें, ज्यांच्या वर्षांतील बाराहि महिन्यांना एकेक विणकाम नेमून दिलेलें होतें, आणि ज्यांनीं विणणाऱ्या असंख्य स्त्रीपुरुषांस सुई हातीं घेण्यापूर्वीं हिशेब करावयास लाविलें. त्यांचें नांव एलिझाबेथ झिमरमन.

झिमरमनबाईंचा जन्म ९ ऑगस्ट १९१० रोजीं इंग्लंडांत झाला. वडील ब्रिटिश आरमारांत अधिकारी होते. विणणें त्या प्रथम आपल्या आईकडून शिकल्या. तें इंग्रजी पद्धतीचें, म्हणजे धागा उजव्या हातांत धरून प्रत्येक टाक्यास तो सुईवरून फिरविण्याचें. पुढें घरीं शिकविण्यास असलेल्या एका स्विस शिक्षिकेकडून त्यांस दुसरी रीत समजली. तींत धागा डाव्या हाताच्या तर्जनीवर ताणलेला असतो आणि उजव्या सुईच्या टोंकानें तो नुसता टिपून घ्यावयाचा असतो. हाताची हालचाल बरीच वांचते. ही रीत युरोपखंडांत, विशेषतः जर्मनींत रूढ असल्यामुळें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंड-अमेरिकेंत ती मागें पडली. सुईला कोणतेंहि राष्ट्र नसतें. पण युद्धाच्या दिवसांत लोकांस सुईंतहि शत्रु दिसूं लागतो! झिमरमनबाईंनीं ती रीत अमेरिकेंत पुन्हां रुजविण्याचे कामीं मोठा हातभार लाविला. इंग्रजी रीतहि त्यांनीं टाकून दिली नाहीं. दोन रंगांचें नक्षीकाम असेल तेव्हां एक रंग उजव्या हातांत व दुसरा डाव्या हातांत धरावा, म्हणजे धागे एकमेकांत गुंतत नाहींत व सोडण्या-धरण्यांत वेळ जात नाहीं, असें त्या शिकवीत.

तरुणपणीं त्यांनीं स्वित्झर्लंड व जर्मनी येथें चित्रकलेचें शिक्षण घेतलें. तेथेंच त्यांची आर्नोल्ड झिमरमन ह्या जर्मन गृहस्थांशीं ओळख झाली व पुढें विवाह झाला. आर्नोल्ड हे बिअर गाळण्याच्या धंद्यांतील जाणते होते. हिटलरच्या राजवटीशीं त्यांचें पटणें शक्य नव्हतें. १९३७ सालीं हें जोडपें अमेरिकेस गेलें, आणि कांहीं वर्षांच्या फिरतीनंतर विस्कॉन्सिन राज्यांत स्थिरावलें. तेथील हिंवाळा म्हणजे महिनोन्‌महिने बर्फ. अशा ठिकाणीं तीन मुलांच्या आईस स्वेटर, टोप्या आणि मोजे हे हौसेचे नसून नित्याच्या गरजेचे जिन्नस असतात. ह्या राज्यांत त्यांनीं पुढें राहण्यासाठीं घेतलेली वास्तु मोठी मौजेची होती. ती एक जुनी, एका खोलीची खेड्यांतली शाळा होती. तिचेंच नांव त्यांनीं १९५९ सालीं सुरू केलेल्या आपल्या लहानशा संस्थेस दिलें: 'स्कूलहाऊस प्रेस', म्हणजे शाळाघर प्रकाशन. टपालानें लोकर, सुया व पुस्तकें पाठवावयाचीं, एवढाच आरंभीं त्या संस्थेचा पसारा.

स्वतःचें प्रकाशन काढण्याची पाळी त्यांच्यावर कां आली, हें समजल्यावांचून ह्या बाईंचें खरें मोल कळणार नाहीं. त्या काळीं मासिकांतून विणकामाच्या ज्या कृती छापून येत, त्या एखाद्या हुकूमनाम्यासारख्या असत. पाठीसाठीं इतके टाके घाला, इतके इंच विणा, अमक्या ओळींत तमके टाके घटवा, मग पुढचा भाग निराळा विणा, बाह्या निराळ्या विणा, आणि अखेरीस सारे तुकडे शिवून एकत्र करा. कां, हें विचारावयाचें नाहीं. झिमरमनबाईंची रीत याच्या अगदीं उलट होती. दोन टोंकांमध्यें लवचिक दोरी असलेली जी गोल सुई मिळते, तिच्यावर त्या सबंध स्वेटर नळीसारखा गोल गोल विणीत. मोजा जसा चार सुयांवर शिवणीवांचून होतो, तसाच स्वेटरहि. शिवाय गोल विणतांना कापडाची सुलट बाजू नेहमीं आपल्या समोर राहते. त्यामुळें साध्या विणीसाठीं एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशी अदलाबदल करावी लागत नाहीं, सारें सुलटच विणावयाचें. उलट टाक्याचा व शिवणीचा ह्या बाईंस मनापासून कंटाळा असे, आणि तो त्या लपवीत नसत. असा एक गोल विणलेला नक्षीचा स्वेटर त्यांनीं एका मासिकास दिला. मासिकानें तो घेतला खरा, पण छापतांना संपादकांनीं कृति बदलून तिचे नेहमींचे सपाट तुकडे केले. वाचकांस हेंच सोयीचें, असें त्यांस वाटलें असेल. परंतु ज्या कृतीचा प्राणच अखंडपणा, तिचे तुकडे केले म्हणजे मागें उरलें काय? बाईंनीं त्यावर भांडण मांडलें नाहीं. १९५८ सालीं त्यांनीं स्वतःचें पत्रक काढिलें, आणि त्यांत आपली कृति आपल्या शब्दांत, कारणांसह छापण्यास आरंभ केला.

ह्या कारणमीमांसेंतच त्यांचें वैशिष्ट्य आहे. १९७१ सालीं त्यांचें पहिलें पुस्तक निघालें. त्याच्या नांवाचा अर्थ 'अश्रू न ढाळतां विणकाम' असा होतो. विणकामांत अश्रू कशाचे? तर महिना-दोन महिने खपून तयार केलेला स्वेटर अंगांत शिरत नाहीं तेव्हांचे. ह्या अश्रूंचें मूळ बहुधा हातांत नसून हिशेबांत असतें, असें त्यांचें म्हणणें.

तर मग मुलांनो, पाटी-पेन्सिल जवळ घ्या. प्रथम मापाचा तुकडा. ज्या लोकरीनें व ज्या सुयांनीं स्वेटर विणावयाचा, त्यांनींच चार-पांच इंच रुंदीचा एक तुकडा विणावा, तो सपाट ठेवावा, आणि मधल्या तीन इंचांत किती टाके बसतात तें मोजपट्टीनें मोजावें. तुकडा ताणूं नये. अर्धा टाका भरला तर तोहि सोडूं नये. झिमरमनबाईंचा सल्ला असा कीं, नुसता तुकडा विणण्याचा कंटाळा येत असेल तर टोपी विणावी. माप कळतें आणि टोपीहि पदरांत पडते. समजा, इंचास ५ टाके आले व स्वेटरचा घेर ४० इंच हवा आहे. घेर म्हणजे नुसतें छातीचें माप नव्हे. त्यांत स्वेटर सैल राहण्यासाठीं लागणारे दोन-तीन इंच धरलेले असावे. ५ गुणिले ४० म्हणजे २०० टाके. येथवर तिसऱ्या इयत्तेंतील मुलासहि जमेल. पण तो अर्धा टाका 'काय होतें' म्हणून सोडला, आणि खरें माप इंचास साडेपांच टाके असलें, तर ते २०० टाके किती इंच भरतील? त्रैराशिक मांडा. ३६ इंचांहून थोडे अधिक. म्हणजे साडेतीन इंचांहून जास्त तूट! तेंच माप साडेचार असलें तर घेर ४४ इंचांच्या पुढें जाईल, आणि स्वेटरमध्यें अंग शोधावें लागेल. एका इंचांत अर्ध्या टाक्याची चूक. पण ती चाळीस वेळां गुणली जाते. व्यवहारी अपूर्णांक शिकतांना 'हे कोठें उपयोगी पडतात?' असें विचारणाऱ्यांनीं ही तूट कोणास तरी घालून पाहावी.

आतां त्यांच्या पद्धतीचा गाभा. ह्या २०० टाक्यांना आपण 'मूळ संख्या' म्हणूं. झिमरमनबाईंनीं असें दाखविलें कीं, अंगाचा घेर कळला म्हणजे स्वेटरच्या इतर भागांचे टाके शेंकडेवारीनें काढतां येतात. मनगटापाशीं बाहीचे टाके मूळ संख्येच्या शेंकडा २०, म्हणजे ४०. बाही वर जाऊं लागली कीं थोडे थोडे टाके वाढवीत काखेपाशीं शेंकडा ३३, म्हणजे ६६ करावे. काखेंत जोडण्यासाठीं शेंकडा ८, म्हणजे १६ टाके बाजूस ठेवावे. गळा शेंकडा ४०, म्हणजे सुमारें ८० टाके. धडाची नळी काखेपर्यंत विणावी, बाह्यांच्या दोन नळ्याहि काखेपर्यंत विणाव्या, आणि मग तिन्ही एकाच गोल सुईवर आणाव्या. धडाच्या २०० टाक्यांतून दोन काखांचे ३२ वजा केले तर १६८ राहतात. प्रत्येक बाहीच्या ६६ मधून १६ वजा जातां ५० राहतात. १६८ आणि १०० मिळून सुईवर २६८ टाके झाले. बाजूला ठेवलेले काखेचे टाके शेवटीं एकमेकांस जुळवून टाकावयाचे. साऱ्या स्वेटरांत जोडकाम म्हणून काय तें एवढेंच.

येथून गळ्यापर्यंतचा जो गोल खांदा, त्याची उंची घेराच्या चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे १० इंच. ह्या १० इंचांत २६८ टाक्यांचे ८० च्या आसपास टाके व्हावयास हवे. सामान्य विणणारी येथें प्रत्येक दुसऱ्या ओळींत चार-आठ टाके घटवीत बसेल, आणि खांद्यावर नक्षी घालावयाची असेल तर प्रत्येक ओळींत ती नक्षी मोडत जाईल. झिमरमनबाई काय करितात पाहा. अर्धी उंची होईपर्यंत त्या एकहि टाका कमी करीत नाहींत. मग एकाच फेरींत दर चार टाक्यांचे तीन करितात: २६८ चे २०१. पाऊण उंचीवर दुसऱ्या फेरींत दर तिनांचे दोन: २०१ चे १३४. गळ्याजवळ पुन्हां दर तिनांचे दोन: सुमारें ९०, आणि उरलेले जास्तीचे टाके गळपट्टी घालतांना कमी करून टाकितात. घटविण्याच्या फेऱ्या अवघ्या तीन, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांत वाटेल ती नक्षी! जाड सुतळीचा असो कीं बारीक लोकरीचा, मोठ्या माणसाचा असो कीं मुलाचा, मूळ संख्या तेवढी बदलते. प्रमाण तेंच राहतें. छापील कृतींत पाहावयास जावें तर दर मापास व दर लोकरीस निराळें कोष्टक लागेल.

तथापि शेंकडेवारी हा वेद नव्हे. लहान मुलाचें डोकें धडाच्या मानानें मोठें असतें, म्हणून त्याच्या गळ्यास शेंकडा ४० पुरेलच असें नाहीं. कोणाचे दंड जाड, कोणाचे खांदे रुंद. झिमरमनबाईंच्या पद्धतींत बाहीचा आंकडा पुढें ३३ वरून ३५ वर आला, तो अनुभवानेंच. आपल्याकडे तर आणखी एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. लोकरीचा तंतु मूळचाच नागमोडी असल्यामुळें ताणला तर लांबतो व सोडला तर आंखडतो. सुताला हा गुण जवळजवळ नाहीं. सुती धाग्यानें विणणाऱ्या मुलींनीं मनगटाची व कमरेची पट्टी लोकरीसारखी आवळून बसेल अशी आशा करूं नये, आणि मापाचा तुकडा एकदां धुवून, वाळवून मगच मोजावा.

कोणी म्हणेल, गोल नळीचा स्वेटर पुढून उघडावयाचा असेल तर? ह्या प्रश्नाचें उत्तर ऐकून पुष्कळांच्या काळजाचा ठोका चुकतो. पुढच्या मध्यभागीं शिवणयंत्रानें उभ्या टिपांच्या दोन ओळी एका बाजूस व दोन दुसऱ्या बाजूस घालावयाच्या, आणि मधून सरळ कात्री चालवावयाची! विणलेलें कापड कापलें कीं सारें उसवून जाईल, ही भीति अगदींच खोटी नाहीं. पण टाके उसवतात ते वरून खालीं, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें. उभ्या कापाच्या कडेनें ते सहजासहजीं आडवे धांवत नाहींत. त्यांतून खऱ्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, ते एकमेकांस धरून ठेवतात. आणि वर टिपांचा बंदोबस्त आहेच. उत्तर युरोपांतील विणणारे पूर्वापार हेंच करीत आले आहेत. झिमरमनबाईंनीं हें कापणें शिकविलें, आणि ज्यांचे हात थरथरतील त्यांनीं कापून झाल्यावर कांहीं वेळ अंधाऱ्या खोलींत पडून राहावें, असा गंमतीचा उपायहि सांगून ठेविला.

त्यांचा रोजचा क्रम कसा असे, हें त्यांच्या १९७४ सालच्या दुसऱ्या पुस्तकावरून कळतें. त्यास 'विणणारांचें पंचांग' म्हणावें. आपल्या घरीं आजीचें जसें एक न लिहिलेलें पंचांग असतें, उन्हाळ्यांत पापड-कुरडया, आषाढाच्या आधीं लोणचें, तसेंच हें. जानेवारींत, बाहेर बर्फ असतां व बाहेर जावयाचें नसतां, आयर्लंडच्या पश्चिमेकडील अॅरन बेटांच्या धर्तीचा, दोरखंडासारख्या वेण्यांचा जाड स्वेटर. त्याची नक्षी डोळ्यांपुढें ठेवावी लागते, म्हणून तो घरीं बसून करण्याचा. फेब्रुवारींत तान्ह्या मुलांचे कपडे. मे महिन्यांत, थंडी सरल्याबरोबर, पुढील हिंवाळ्याचे हातमोजे. कारण हातमोज्यांचें काम लहान, हलकें, खिशांत मावणारें, उकाड्यांत मांडीवर ओझें होत नाहीं. ऑगस्टमध्यें नाताळच्या लहानसहान भेटी. आणि एवढी सारी पूर्वतयारी करूनहि डिसेंबरांत एखाद्याचा स्वेटर राहिलेला असतोच, हें जाणून शेवटच्या महिन्यांत त्यांनीं घाईचा स्वेटर दिला आहे: जाडजूड लोकर, जाडजूड सुया, आणि कांहीं दिवसांत काम फत्ते. माझ्या मतें साऱ्या पुस्तकांत मनुष्यस्वभावाचें सर्वांत अचूक ज्ञान ह्या शेवटच्या प्रकरणांत आहे.

प्रवासांतहि हात थांबत नसत. पति मोटारसायकल चालवीत आणि त्या मागें बसून विणीत, ही त्यांच्याविषयींची गोष्ट प्रसिद्ध आहे. (आपल्या रस्त्यांवर कोणी हा प्रयोग करूं नये.) हें साधे त्याला कारण, कोणतें काम डोळ्यांचें व कोणतें केवळ बोटांचें, ही निवड त्या आधीं करून ठेवीत. प्रवासाच्या जुलै महिन्यासाठीं त्यांनीं जी शाल दिली आहे, तिचें गणित तर इतकें सुंदर आहे कीं, येथें थोडें थांबलेंच पाहिजे.

वाटोळी शाल मध्यापासून विणावयाची. वर्तुळ जसजसें मोठें होतें तसतसा त्याचा परीघ वाढतो, म्हणून टाकेहि वाढले पाहिजेत. नेहमींची रीत अशी कीं, एकाआड एक फेरींत ठराविक जागीं थोडे थोडे टाके वाढवावे. त्यासाठीं सारखें मोजत राहावें लागतें. झिमरमनबाईंनीं भूमितींतील एका साध्या सिद्धांताचा आधार घेतला. परीघ व व्यास यांचें प्रमाण कायम असतें. त्या प्रमाणास ग्रीक अक्षरावरून 'पाय' म्हणतात, हें तुम्ही शिकलांच आहां. अर्थात्‌ त्रिज्या दुप्पट झाली कीं परीघ दुप्पट. मग टाकेहि त्रिज्या दुप्पट होईल तेव्हांच, एकाच फेरींत, एकदम दुप्पट कां करूं नयेत? म्हणून ९ टाक्यांनीं आरंभ. एक फेरी विणून त्यांचे १८. मग ३ फेऱ्या साध्या, आणि ३६. मग ६ फेऱ्या, आणि ७२. १२ फेऱ्या, १४४. २४ फेऱ्या, २८८. ४८ फेऱ्या, ५७६. वाढविणेंहि सोपें: प्रत्येक टाक्याआधीं धागा सुईवरून एकदां घेतला कीं एकाचे दोन होतात आणि जाळीची एक नाजूक कडी उमटते. ४८ फेऱ्यांच्या त्या विस्तीर्ण पट्ट्यांत मोजावयाचें कांहींच नसतें. मनास वाटेल ती जाळी घालावी, नाहीं तर गप्पा मारीत साधें विणीत जावें. ह्या शालीस त्यांनीं 'पाय'चेंच नांव दिलें. भूमितीचा काटेकोर शिक्षक येथें नाक मुरडील कीं, दोन दुपटींच्या मधल्या भागांत टाके आधीं जास्त व मग कमी असे होतात. वर्तुळ खरें वर्तुळ नव्हे! तें खरें आहे. परंतु लोकर ही शिक्षकाहून मनमिळाऊ आहे. शाल धुवून, चोहोंकडून सारखी ताणून वाळत घातली म्हणजे ती सपाट बसते.

आणखी एक चमत्कार १९६८ सालचा. १६० टाके घालून, केवळ सुलट टाक्यांच्या ओळींनीं, दोन ठराविक जागीं टाके आधीं घटवीत व मग वाढवीत एक तुकडा विणावयाचा. सुईवरून उतरतो तेव्हां तो कशाचाच दिसत नाहीं. पाहणारास वाटावें, बाईंचें कांहीं तरी बिघडलें. पण तोच, कागदाची होडी करावी तसा, एका विशिष्ट तऱ्हेनें दुमडला कीं बाळाचें बाह्यांसकट जाकीट तयार! शिवण फक्त दोन खांद्यांवर. ह्यांतलें मर्म असें कीं, सर्व ओळी सुलट विणल्या असतां दोन ओळींच्या वरंब्याची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीइतकी भरते. म्हणजे वीण जणु आलेखाच्या कागदाप्रमाणें चौरस होते, आणि तिरप्या कडा बरोबर ४५ अंशांत येऊन कोपरे काटकोनांत वळतात. एकाआड एक सुलट-उलट ओळींच्या विणींत टाका उंचीपेक्षां रुंद असतो. तेथें हें साधणार नाहीं.

नोव्हेंबरच्या मोज्यांविषयीं गृहिणींनीं अवश्य वाचावें. मोजा झिजतो तो नेहमीं तळव्यास. वरचा भाग जसाच्या तसा असतां आपण सारा मोजा टाकून देतों, किंवा रफू करून करून त्याची गांठोडी करितों. झिमरमनबाईंनीं मोज्याचा वरचा भाग आधीं विणून तळवा अगदीं शेवटीं विणला. तो झिजला कीं तेवढाच उसवावा आणि नवा विणावा. जोड्याला जसा नवा तळ लावतात, तसाच हा प्रकार.

इतके नवे प्रकार काढूनहि आपण ते शोधून काढले असें म्हणण्यास त्या कचरत. जगांत शेंकडों वर्षें लोक विणीत आले आहेत. आपल्यास सुचलें तें कोठल्या तरी खेड्यांतील कोणा आजीस पूर्वीं सुचलें नसेल कशावरून, असा त्यांचा विचार. म्हणून इंग्रजी भाषेंत त्यांनीं एक विनोदी क्रियापदच बनविलें. त्याचा भाव, शोध लावणें नव्हे, तर हरवलेलें पुन्हां उकरून काढणें, असा कांहींसा आहे. गोल, बारीक दोरी विणण्याची युक्ति अशीच. दोन्ही टोंकें मोकळीं असलेल्या सुईवर ३ टाके विणावे, काम उलटूं नये, टाके सुईच्या दुसऱ्या टोंकास सरकवावे आणि धागा मागून ओढून पुन्हां विणावे. पाहतां पाहतां नळीसारखी दोरी लांबत जाते. बाळाच्या टोपीचे बंद, पिशवीची कड, सारें हिनें होतें. लहान मुलेंमुली एका दुपारीं शिकतील.

पुढें त्यांनीं दूरचित्रवाणीवरून पाठ दिले, १९७४ पासून उन्हाळी विणकामशिबिरें भरविलीं, आणि १९८१ व १९८९ सालीं आणखी दोन पुस्तकें लिहिलीं. ३० नोव्हेंबर १९९९ रोजीं, वयाच्या ८९ व्या वर्षीं, त्या वारल्या. शाळाघराचें काम त्यांची कन्या मेग स्वॉन्सन यांनीं आईच्या हयातींतच आपल्याकडे घेतलें होतें.

आतां अभ्यासासाठीं एक उदाहरण. तुमच्या धाकट्या भावासाठीं ३२ इंच घेराचा स्वेटर करावयाचा आहे. मापाच्या तुकड्यांत ३ इंचांत १८ टाके आले. मूळ संख्या काढा. मग मनगट, दंड, काख व गळा यांचे टाके काढा. तिन्ही नळ्या एका सुईवर आल्यावर एकूण किती टाके होतील तेंहि सांगा. मूळ संख्या १९२ यावी. मनगटाचें उत्तर ३८ पूर्णांक ४ दशांश असें येईल. टाक्याचे दशांश विणतां येत नाहींत, म्हणून ३८ घ्या. पण पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी विणावयाची असेल तर संख्येला ४ नें भाग जावा लागतो, आणि ३८ ला तो जात नाहीं. तेव्हां ३६ घ्यावे कीं ४०, हें वहींत ठरवूं नका; भावास जवळ बोलवा आणि त्याचें मनगट मोजा.